केलेल्या कामाची साठवण



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून इतिहास, वाङ्मय, अर्थकारण, आरोग्य असे विषय मांडले जातात, आणि श्रोत्यांचीही तशीच अपेक्षा असते. त्या मानाने आमचा आजचा विषय अगदीच कारकुनी वाटेल. संगणकावर मजकूर लिहिण्याची जी साधने आहेत, 'वर्ड' म्हणा, 'लिब्रेऑफिस' म्हणा, त्यांत पुन्हा पुन्हा लागणारे जे मॅक्रो आपण तयार करतो, ते कोठे ठेवावेत, कसे लावावेत आणि कोणाच्या हवाली करावेत, एवढाच हा प्रश्न आहे. चालकांनी तो या मालेत घेण्याजोगा मानला, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

कारकुनी कामाला हलके समजण्याची आपली जुनी खोड आहे. पण पुण्याचे पेशवे दफ्तर आज अभ्यासकाच्या उपयोगी पडते ते कशामुळे? कोणी कागद लिहिले, कोणी ते रुमालात बांधले, आणि पुढे कोणी चिकाटीने त्यांच्या याद्या केल्या, म्हणून. कागद असणे निराळे आणि तो वेळेवर सापडणे निराळे. मॅक्रोंचे नेमके असेच आहे. ते करणारे आज पुष्कळ आहेत; जपणारे थोडे आहेत.

मॅक्रो म्हणजे काय हे प्रथम सांगितले पाहिजे, कारण सभेत सगळेच या धंद्यातले नाहीत. समजा, एका लेखकाचे तीनशे पानांचे हस्तलिखित संगणकावर टंकून आले आहे. शब्दाशब्दांत कोठे एक तर कोठे दोन मोकळ्या जागा पडल्या आहेत. स्वल्पविरामाच्या आधी उगीच जागा सुटली आहे. अंक काही इंग्रजी, काही मराठी आहेत. अवतरणचिन्हे दोन तऱ्हांची आहेत. मुद्रितशोधक ही एकेक गोष्ट 'शोधा आणि बदला' या आज्ञेने दुरुस्त करतो. अशा बारा दुरुस्त्या आणि वीस प्रकरणे धरली, तर ती आज्ञा दोनशे चाळीस वेळा द्यावी लागते. त्याऐवजी त्या बारा आज्ञा एकदाच क्रमाने लिहून ठेवल्या, त्यांना एक नाव दिले, आणि ते नाव घेताच बाराही आज्ञा आपोआप पार पडतील अशी सोय केली, तर त्या सोयीला मॅक्रो म्हणतात. हा शब्द मुळात ग्रीक असून त्याचा अर्थ 'मोठा' किंवा 'लांब' असा आहे. एका लहान आज्ञेच्या पोटात आज्ञांची लांबलचक मालिका असते, म्हणून ती मोठी आज्ञा.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. जुन्या पत्रव्यवहारात मायने ठरलेले असत. कोणाला कोणत्या शब्दांनी आरंभ करावयाचा हे कारकुनाला पाठ असे. मायना हा ठराविक मजकूर होय. तोही संगणकात साठवता येतो, आणि त्यासाठी निराळी सोय असते. मॅक्रो ही ठराविक कृती होय. मजकूर चुकला तर डोळ्यांना दिसतो. कृती चुकली तर ती तीनशे पानांत एकाच वेळी, गुपचूप चुकते. म्हणून मायना साठवण्यापेक्षा मॅक्रो साठवताना अधिक काळजी घ्यावी लागते.

ही कल्पना कालपरवाची नाही. संगणकाच्या आज्ञा लिहिणाऱ्या लोकांत मॅक्रो हा शब्द १९५० नंतरच्या दशकातच रुळला होता. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतले डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६० साली या विषयावर एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. पुढे ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीत गार्मिश येथे सॉफ्टवेअरच्या प्रश्नांवर एक परिषद भरली. तेथे याच मॅकिलरॉय यांनी असे मांडले की, इतर कारखान्यांना जसे तयार सुटे भाग यादी पाहून मागवता येतात, तसे सॉफ्टवेअरचेही तयार भाग यादीतून निवडता आले पाहिजेत. या विचारात 'यादी' हा शब्द आम्हांला फार मोलाचा वाटतो. भाग तयार करणे हे अर्धे काम. तो कोणता, कशासाठी, किती मापाचा, हे दुसऱ्याला कळेल असे लिहून ठेवणे हे उरलेले अर्धे.

दुसरे उदाहरण थेट लेखनाच्या साधनांतलेच आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत 'टेको' नावाचे मजकूर दुरुस्त करण्याचे साधन वापरीत. त्याच्या आज्ञा एकेका अक्षराच्या आणि मोठ्या दुर्बोध असत. तेव्हा जो तो आपल्या सोयीचे मॅक्रो रचू लागला. लवकरच अशी अवस्था झाली की, एकाच्या यंत्रावर दुसरा बसला तर त्याला काही उमजेना. कळा त्याच, पण प्रत्येकाच्या घरी त्यांचे अर्थ निराळे. १९७६ साली गाय स्टील यांनी या विखुरलेल्या मॅक्रोंची जुळणी करावयास घेतली, डेव्हिड मून यांनी त्यांना साह्य केले, आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी ते काम तडीस नेले. त्यातून 'ईमॅक्स' हे साधन जन्माला आले. त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'संपादनाचे मॅक्रो' असा आहे. त्यात एक चांगली प्रथा पाळली गेली: प्रत्येक आज्ञेबरोबर तिचे वर्णनही ठेवावयाचे, म्हणजे वापरणाऱ्याने विचारले की साधनच ते वर्णन समोर आणून ठेवील. इतक्या वर्षांनंतरही ईमॅक्स वापरात आहे. एकेकाच्या खाजगी युक्त्या एकत्र आणून, त्यांना नावे देऊन आणि त्यांचे वर्णन लिहून ठेवल्यामुळे केवढे काम उभे राहते, याचा याहून चांगला दाखला आम्हांला ठाऊक नाही.

आता आपल्याकडे येऊ. आमच्या माहितीच्या एका अक्षरजुळणीच्या कार्यालयात एक गृहस्थ दहाएक वर्षे काम करीत होते. मराठी मजकुराच्या बारीकसारीक दुरुस्त्यांसाठी त्यांनी पुष्कळ मॅक्रो रचले होते. ते नोकरी सोडून गेले. काही महिन्यांनी त्यांचे यंत्र बिघडले, ते पुसून नव्याने सज्ज केले गेले, आणि ते सारे मॅक्रो नाहीसे झाले. कोणाच्या मनात काही वाईट नव्हते. गृहस्थांनी लपवून ठेवले नव्हते, तंत्रज्ञाने मुद्दाम पुसले नव्हते, मालकांनी दुर्लक्षही केले नव्हते; कारण अशी काही चीज आपल्या कार्यालयात आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवसापासून त्या कार्यालयातली माणसे पूर्वीसारखी हाताने दुरुस्त्या करू लागली. श्रोतेहो, नुकसान झाल्याचे कळतसुद्धा नाही, असे हे नुकसान असते.

हे असे का होते? मॅक्रो कोठे राहतो हे पाहिले म्हणजे उलगडा होतो. त्याला राहावयास मुख्यतः तीन जागा आहेत. आम्ही त्यांना खिसा, घरातले कपाट आणि सार्वजनिक ग्रंथालय असे म्हणू.

पहिली जागा म्हणजे प्रत्यक्ष दस्तऐवज. मॅक्रो त्याच फाइलीत ठेवला की तो तिच्याबरोबर हिंडतो, जसा खिशातला कागद माणसाबरोबर. एखाद्याच दस्तऐवजाला लागणारा मॅक्रो असेल तर ही जागा ठीक आहे. पण २००७ सालच्या आवृत्तीपासून वर्डने फाइलींच्या दोन जाती केल्या आहेत. नावाच्या शेवटी 'डॉकएक्स' असलेल्या फाइलीत मॅक्रो राहू शकत नाही. 'डॉकएम' असलेल्या फाइलीत राहतो. मॅक्रो असलेली फाइल कोणी सवयीने पहिल्या जातीत साठवू लागला, तर वर्ड एकदा इशारा देतो; त्यावर न वाचता 'हो' म्हटले की मजकूर राहतो आणि मॅक्रो गळून पडतो. शिवाय तोच मॅक्रो वीस दस्तऐवजांत ठेवला तर त्याच्या वीस प्रती होतात, आणि एकीत केलेली सुधारणा उरलेल्या एकोणीस प्रतींना कळत नाही.

दुसरी जागा म्हणजे वर्डचा 'नॉर्मल' नावाचा साचा. वर्ड उघडला की हा साचा आपोआप उघडतो, म्हणून त्यातले मॅक्रो त्या यंत्रावरच्या सगळ्या दस्तऐवजांना मिळतात. कृती टिपून घेण्याची जी सोय आहे, तिने तयार झालेले मॅक्रोही, आपण दुसरी जागा सांगितली नाही तर, येथेच जाऊन पडतात. हे घरातले कपाट. ते सोयीचे आहे आणि म्हणूनच फसवे आहे. हा साचा वापरणाऱ्याच्या खात्यातील अशा एका कप्प्यात असतो की, जो सामान्यतः डोळ्यांना दिसत नाही. यंत्र बदलताना आपण कागदपत्रांचा कप्पा उचलतो. हा मागे राहतो. आणखी एक गोष्ट. वर्ड नीट चालेनासा झाला की तंत्रज्ञांचा एक नेहमीचा उपाय म्हणजे नॉर्मल साचा बाजूला करणे. तसे केले की वर्ड स्वतःच नवा कोरा साचा तयार करतो. दुखणे बरे होते आणि कपाट रिकामे होते. म्हणून आम्ही आग्रहाने सांगतो की, नॉर्मल साचा ही मॅक्रोंची वास्तव्याची जागा मानू नये. ती ओसरी आहे. आलेल्याने तेथे घटकाभर टेकावे, मग आपल्या खोलीत जावे.

तिसरी जागा म्हणजे मॅक्रोंसाठीच केलेला स्वतंत्र साचा. तो वर्डच्या 'स्टार्टअप' कप्प्यात ठेवला की वर्ड उघडताना तो आपोआप हजर होतो, आणि त्यातले मॅक्रो सर्व दस्तऐवजांना मिळतात. हे ग्रंथालय. त्याचा मोठा गुण असा की, ही एक सुटी फाइल आहे. ती उचलून दुसऱ्या यंत्रावर नेता येते, दहा जणांना देता येते. कार्यालयात ती सामायिक जागी ठेवून सगळ्यांना वाचण्यापुरती खुली आणि बदलण्यास एकाच्याच हाती, अशीही व्यवस्था करता येते. नॉर्मल साच्यातले मॅक्रो तिकडे हलवण्यासाठी वर्डमध्ये 'ऑर्गनायझर' नावाची सोय आहे. काम पाच मिनिटांचे आहे. लिब्रेऑफिसमध्येही हीच विभागणी निराळ्या शब्दांत आढळते. तेथे 'माझे मॅक्रो', सर्वांसाठीचे मॅक्रो आणि दस्तऐवजातले मॅक्रो अशी कोठारे आहेत. प्रत्येक कोठारात संग्रह, संग्रहात विभाग आणि विभागात मॅक्रो. म्हणजे कपाट, खण आणि पुस्तक हा क्रम त्या साधनाच्या रचनेतच आहे. आपण मात्र सगळी पुस्तके एकाच खणात कोंबतो.

जागा ठरली की नावाचा प्रश्न येतो. कृती टिपून घेताना आपण नाव दिले नाही, तर वर्ड 'मॅक्रो१', 'मॅक्रो२' अशी नावे देतो. वर्षभराने 'मॅक्रो१७' काय करतो हे करणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि न ठाऊक असलेले औषध घेण्याइतकेच न ठाऊक असलेला मॅक्रो चालवणे धोक्याचे आहे. नावात मोकळी जागा चालत नाही, पण शब्द जोडून लिहिता येतात. तेव्हा नावाने कृती सांगावी: 'अंक मराठी करा', 'दुहेरी जागा काढा', 'तळटिपा तपासा'. एका जातीचे मॅक्रो एका विभागात ठेवावेत: विरामचिन्हांचे एकीकडे, फाँट बदलण्याचे दुसरीकडे, तक्त्यांचे तिसरीकडे. आणि एकच नाव दोन ठिकाणी ठेवू नये. तसे केले तर कोणता मॅक्रो चालेल हे जागांच्या क्रमावर ठरते, आणि बिचाऱ्या वापरणाऱ्याला दुरुस्त केलेल्याऐवजी जुनाच चालत असल्याचा पत्ताही लागत नाही.

नाव आणि जागा यांहूनही महत्त्वाचे असते ते टिपण. ते का, हे सांगण्यासाठी आम्ही मराठीचेच उदाहरण घेतो, कारण आमच्या मते या विषयाचे खरे महत्त्व मराठी लेखनातच अधिक आहे.

युनिकोडचा वापर सर्वत्र होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटांत टंकला जात असे. त्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. तो फाँट यंत्रावर नसला की 'महाराष्ट्र' या शब्दाऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. अशा स्वरूपात पुस्तके, मासिके, स्मरणिका, संस्थांचे अहवाल असा मोठा ऐवज पडून आहे. तो युनिकोडात आणला नाही तर तो शोधता येत नाही, आणि नव्या यंत्रावर वाचताही येत नाही. आणण्याचे साधन म्हणजे मॅक्रो.

पण हे रूपांतर केवळ अक्षरास अक्षर असे नाही. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी व्यंजनाच्या आधी टंकली जाई. युनिकोडात ती व्यंजनानंतर साठवली जाते. 'किती' या शब्दात वेलांटीने एक अक्षर ओलांडले की झाले. पण 'स्थिती' या शब्दात तिने 'स्' आणि 'थ' ही दोन्ही ओलांडली पाहिजेत. मॅक्रो लिहिणाऱ्याने एकच अक्षर ओलांडण्याची आज्ञा दिली, की 'सि्थती' असा मोडका शब्द तयार होतो. असे शब्द आपण सर्वांनीच छापील मजकुरात आणि संगणकाच्या पडद्यावर पाहिलेले आहेत. रफाराचे याच्या उलट: तो जुन्या पद्धतीत अक्षराच्या नंतर येई, युनिकोडात त्या अक्षराच्या आधी जातो, आणि 'आर्द्र' या शब्दात तर त्याला संपूर्ण जोडाक्षर ओलांडावे लागते. 'निर्मिती' या एका शब्दात वेलांटी पुढे सरकते आणि रफार मागे सरकतो. या आज्ञांचा क्रम चुकला तर प्रत्येक आज्ञा बरोबर असूनही शब्द चुकतो. हा क्रम कोणीतरी शेकडो पाने तपासून, ठेचा खाऊन ठरवलेला असतो. तोच खरा ऐवज. तो हरवला की पुढच्या माणसाला पुन्हा त्याच ठेचा खाव्या लागतात.

आणखी एक खास मराठी अडचण पाहा. 'दऱ्या', 'पुऱ्या', 'तऱ्हा' या शब्दांतला अर्धा र युनिकोडात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत त्यासाठी असलेले वेगळे अक्षर वापरतात. दुसरीत नेहमीच्या र ला हलन्त करून पुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घालतात. कागदावर दोन्ही सारखेच. पण यंत्राच्या दृष्टीने ते दोन निराळे शब्द असल्यामुळे एका तऱ्हेने शोधले तर दुसऱ्या तऱ्हेचे सापडत नाहीत. सूची करणाऱ्याची अर्धी पाने अशीच निसटतात. सगळे शब्द एका तऱ्हेचे करणारा मॅक्रो दहा ओळींचाही होत नाही. पण तो कोणत्या तऱ्हेचे करतो, हे शेजारी लिहिलेले नसेल, तर दोन मुद्रितशोधक दोन विरुद्ध मॅक्रो चालवून एकमेकांचे काम उलटवीत बसतील.

तिसरे उदाहरण जुन्या पुस्तकांच्या पुनर्मुद्रणाचे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. 'नांव' चे 'नाव' झाले, 'कांहीं' चे 'काही' झाले. तेव्हा जुने अनुस्वार काढणारा मॅक्रो करावा, हे कोणालाही सुचेल. 'नांव' पुरते ते ठीक आहे. पण जुन्या लेखनात 'घरांत' म्हणजे एका घरात. आजच्या लेखनात 'घरांत' म्हणजे अनेक घरांमध्ये. जुन्या पुस्तकात हे दोन्ही अर्थ एकाच रूपात उभे असतात, आणि कोणता कोठे आहे हे वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही. तेथे मॅक्रोने स्वतः बदल करता कामा नये; एकेका जागी थांबून विचारले पाहिजे. काही मॅक्रो न विचारता चालवावयाचे असतात आणि काही विचारून, हे टिपणात प्रथम लिहिले पाहिजे.

टिपणात काय असावे? मॅक्रो काय करतो, कोणत्या मजकुरावर चालवावयाचा, कोणत्यावर मुळीच चालवावयाचा नाही, कोणी आणि केव्हा रचला, शेवटचा बदल कोणता. पाच ओळी पुरतात. पण एक व्यावहारिक अडचण आहे. विंडोजवरच्या वर्डमध्ये मॅक्रो लिहिण्याची जी खिडकी आहे, तिच्यात देवनागरी अक्षरे नीट राहत नाहीत. त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. म्हणून तेथे ऱ्हस्व वेलांटीऐवजी तिचा युनिकोडातला क्रमांक २३६७ लिहावा लागतो, मराठी शून्यासाठी २४०६. असे क्रमांकांनी भरलेले पान मराठीच्या जाणत्या मुद्रितशोधकाला वाचता येत नाही, आणि ज्याला वाचता येते त्याला बहुधा मराठीचे नियम ठाऊक नसतात.

यावर आम्हांला एक उपाय फार उपयोगी वाटला आहे. काय शोधावयाचे आणि त्याजागी काय घालावयाचे याची यादी मॅक्रोत लिहूच नये. ती एका साध्या दस्तऐवजात दोन रकान्यांच्या तक्त्यात, देवनागरीतच लिहावी, आणि तिसऱ्या रकान्यात शेरा लिहावा. मॅक्रोने तो तक्ता उघडून वरपासून खाली एकेक ओळ वाचावी आणि त्याप्रमाणे बदल करावा. यामुळे यंत्राची कृती एकीकडे राहते आणि भाषेचे ज्ञान दुसरीकडे. तक्ता मुद्रितशोधकाने सांभाळावा. त्यासाठी त्याला आज्ञालेखन शिकावे लागत नाही. ओळींचा क्रमही डोळ्यांसमोर राहतो: लांब जोडाक्षरे आधी, सुटी अक्षरे नंतर.

टिपणाच्या जोडीला कसोटीचे पान ठेवावे. ज्या शब्दांनी पूर्वी फसवले ते शब्द त्यावर लिहावेत: स्थिती, निर्मिती, आर्द्र, क्षितिज, कर्तृत्व, दऱ्या, व्यक्तींची. मॅक्रोत बदल केला की तो प्रथम या पानावर चालवावा, आणि पान बरोबर उतरले तरच पुस्तकाला लावावा. तोही मूळ फाइलीवर कधी नाही, तिच्या प्रतीवर. नवा शब्द फसला की तो पानावर चढवावा.

प्रतीचा प्रश्न निघाला आहे तर मॅक्रोंच्या प्रतीविषयीही सांगतो. वर्डमधून मॅक्रोंचा एकेक विभाग साध्या मजकुराच्या फाइलीत बाहेर काढता येतो. तशी प्रत यंत्राबाहेर ठेवावी, कारण साधने बदलतात. मॅक लोकांच्या यंत्रांसाठी असलेल्या ऑफिसच्या २००८ च्या आवृत्तीतून मायक्रोसॉफ्टने मॅक्रोंची व्हीबीए ही भाषाच काढून टाकली आणि २०११ च्या आवृत्तीत परत आणली. मधल्या काळात ज्यांनी ती आवृत्ती घेतली त्यांचे मॅक्रो असून नसल्यासारखे झाले. आजही वर्डच्या न्याहाळकातल्या आणि फोनवरच्या रूपात हे मॅक्रो चालत नाहीत. अशा वेळी साध्या मराठीत लिहिलेली रीत हाती असेल, तर ती दुसऱ्या भाषेत पुन्हा उतरवता येते. आज्ञा जुन्या होतात; रीत होत नाही.

आता धोक्याविषयी दोन शब्द. १९९५ साली 'कॉन्सेप्ट' नावाचा विषाणू पसरला. तो वर्डच्या दस्तऐवजातून येई, फाइल उघडताच आपोआप चालणाऱ्या मॅक्रोचा आधार घेई आणि स्वतःला नॉर्मल साच्यात बसवी. मग त्या यंत्रावर साठवलेल्या नव्या दस्तऐवजांतही तो शिरे. २६ मार्च १९९९ रोजी पसरलेल्या 'मेलिसा' ने तर पत्त्यांच्या वहीतील पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःची रवानगी केली. या अनुभवांतून पुढे बंधने वाढत गेली, आणि २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो वर्ड मुळातच अडवतो. पुष्कळांना याचा त्रास वाटतो. आम्हांला यातून आमच्याच म्हणण्याला पुष्टी मिळते. मॅक्रो फाइलीबरोबर गावभर हिंडवू नयेत. त्यांची एक ओळखीची, विश्वासाची जागा असावी, आणि तेथे कोण काय ठेवतो हे कळावे. कोठार नीट असेल तर चोरही ओळखू येतो.

कोणी म्हणेल, आता हे सारे कशाला? कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले की ती क्षणात मॅक्रो लिहून देते. रोज ताजे मिळत असता साठवणीचे लोणचे कशाला घालावे? हा आक्षेप खरा आहे तितका मान्य केला पाहिजे. आज्ञा लिहिण्याचे श्रम कमी झाले आहेत, आणि ते चांगलेच झाले. पण आपल्या कार्यालयातल्या जुन्या फाइली कोणत्या फाँटात आहेत, त्यांत कोणता शब्द फसतो, कोणत्या लेखकाने कोणता अनुस्वार मुद्दाम ठेवला आहे, हे तिला आपण सांगितल्याशिवाय कळणार कसे? आणि सांगावयाचे तर ते आपल्याजवळ लिहिलेले असले पाहिजे. मॅक्रो मिळवणे सोपे झाले म्हणूनच तक्ता, टिपण आणि कसोटीचे पान यांची किंमत वाढली आहे. आलेला मॅक्रो बरोबर की चूक, हे ठरवण्याचे माप तेवढे आपल्याच घरी असते.

शेवटी एकच विनंती. येथे प्रकाशक आहेत, शाळांचे आणि ग्रंथालयांचे कार्यकर्ते आहेत, संस्थांची दफ्तरे सांभाळणारे आहेत. आपल्या कार्यालयात मॅक्रो करणारा एखादा तरी मनुष्य असतो. बहुधा तो कोपऱ्यातल्या यंत्रावर बसतो आणि त्याच्या युक्तीची कोणाला वार्ता नसते. त्याला एक दिवस मोकळा द्या. त्याचे मॅक्रो नॉर्मल साच्यातून काढून स्वतंत्र साच्यात ठेववा, त्यांना नावे देववा, प्रत्येकाला पाच ओळींचे टिपण लिहववा, आणि एक प्रत संस्थेच्या दफ्तरात जमा करा. त्यावर त्याचे नाव राहू द्या. तोही लेखकच आहे. आणि मागून येणाऱ्या एकाला ते कोठार दाखवून ठेवा, कारण किल्ली एकाच्याच कमरेला असणे बरे नव्हे.

मराठीचा जो ऐवज जुन्या फाँटांत अडकून पडला आहे, तो बाहेर काढण्याची युक्ती आज कित्येकांच्या हाती आहे, पण ती त्यांच्या हातांतच आहे. ती कागदावर यावी, कोठारात यावी आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडावी, एवढ्याचसाठी हा कारकुनी विषय आपल्यापुढे मांडला.